एक्साइजचं कूळ

त्यांच्याशी बोलायचं असेल तर पायात चपला हव्यात, हा धडा मला त्यांच्याकडे किरायाने खोली घेतली त्याच दिवशी मिळाला. मी गेलो तेव्हा ते अंगणात उभे होते. उभे म्हणजे एक पाय उभा आणि दुसरा निघालेला. "चला," म्हणाले. मला वाटलं खोली दाखवतायत. खोली मागे राहिली, फाटक मागे राहिलं, ओव्हरब्रिज आला, राइस मिलच्या भुशाने नाक हुळहुळायला लागलं, आणि तिथे कुठेतरी वळणावर त्यांनी विचारलं, "तुमी बसून काम करता का उभ्यानं?"

मी म्हटलं, मिलच्या ऑफिसात बसून करतो. पण दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिच्यात नाटकं होतात, त्यात विनोदी कामं करतो, ती उभ्यानं.

"मंग चालते. नुसता बसणारा माणूस मी ठेवत नाही. घराले बुरशी लागते."

गोंदियात त्यांना सगळे एक्साइज साहेब म्हणत. नोकरीभर ते बीडीच्या कारखान्यांवर फिरणारे एक्साइज इन्स्पेक्टर होते. त्यांच्या निवृत्तीनंतर जीएसटी आला आणि खात्याच्या पाटीवरूनच एक्साइज पुसला गेला. "पहिले मी रिटायर झालो, मंग शब्द," असं ते सांगत, आणि दोघांपैकी शब्दाचंच त्यांना जास्त दुःख होतं.

बसणं त्यांना जमतच नसे. जेवताना त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दोन घास वाढत तोवर साहेब पाण्याच्या निमित्ताने माठापर्यंत जाऊन आलेले असत. बल्लारशाच्या पॅसेंजरमध्ये ते डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत. टीसीला वाटे, हा माणूस विनातिकीट आहे आणि आपल्याला चुकवतो आहे. मग टीसी मागे, साहेब पुढे, आणि तिकीट खिशात. कचारगडच्या जत्रेत काकू चढाला दमून एका दगडावर बसल्या. साहेब बोलत बोलत गुहेपर्यंत गेले, बोलत बोलत परत आले, आणि काकूंना म्हणाले, "तं समजलं का मी काय सांगतलं थे?"

"समजलं," काकू म्हणाल्या. त्यांना अशा लग्नाची सवय झाली होती.

सांगत काय असत? शब्दांची कुळं. त्यांच्या समाजात पूर्वज माळव्यातून आले आणि येताना आपापली कुळं सोबत घेऊन आले. कुळाला ते कुर म्हणतात. सोयरीक जुळवताना मुलगा किती शिकला हे मागाहून. आधी कुर कोणती. एका कुरीतली मुलगी त्याच कुरीत देत नाहीत. साहेबांनी हाच प्रश्न शब्दांना विचारायला सुरुवात केली. रद्दीवाल्याकडून वजनावर एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी आणली होती, तिचं शेवटचं पान शाबूत होतं आणि पहिली बरीच गेली होती, त्यामुळे 'ए' ते 'ई' या अक्षरांचे शब्द ते थोडे अंदाजाने चालवत. मला पहिल्याच महिन्यात म्हणाले, "किरायेदार, तुमचा पगार पोर्तुगीज आहे. परदेशी माणूस, महिनाभर कायले थांबंल तुमच्याकडे?"

भाजीबाजारात एका बाईला त्यांनी विचारलं, "या बटाट्याची कुर कोणती?"

"छिंदवाड्याचा हाय साहेब. घ्याचा हाय का कुर पाह्याची हाय?"

पण त्यांचा खरा जीव एकाच शब्दावर. एक्साइजवर. त्याचा प्रयोग मी अगणित वेळा पाहिला आणि नाटकवाला म्हणून सांगतो, एकदाही एन्ट्री चुकली नाही. खिशातून पितळी सरोता काढायचा, आपण ज्याला अडकित्ता म्हणतो तो. त्यात अख्खी सुपारी धरायची. मान मागे टाकायची.

"एक्साइज! लॅटिन घराणं! मूळ पुरुष कोण? एक्सिडेरे! म्हणजे काय?" आणि मग कच्च! सुपारीची दोन भकलं जमिनीवर. "कापून काढणे! मालातून सरकारचा तुकडा कापून काढणे!"

नोकरीत असताना हा प्रयोग त्यांनी बीडीच्या प्रत्येक कारखान्यात केला होता. तिथे बाया पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने तेंदूपत्ता कापत बसलेल्या असायच्या. साहेब म्हणायचे, "कापता तुमी बी, कापतो आमी बी." त्यावर एक बाई म्हणाली होती, "फरक येवढाच साहेब, कापता कापता आमचे बोटं जाते आन तुमची बदली होते." हे वाक्य साहेब स्वतःच आनंदाने सांगत.

तो पितळी सरोताही त्या शब्दाचीच कमाई. आमगावकडच्या एका बीडी ठेकेदाराला हा प्रयोग इतका आवडला, की त्याने आपल्या पानदानातला सरोता काढून साहेबांच्या हातावर ठेवला. एक्साइजवाल्याने फुकट काही घ्यायचं नाही म्हणून साहेबांनी बदल्यात आपला फाउंटन पेन दिला. पुढे त्या ठेकेदाराने धंदा सोडला, शेतीवर परत गेला, आणि दोघांची गाठ पडली नाही.

आता मैनाबद्दल सांगतो. मैना म्हणजे साहेबांची मुलगी, नागपूरला एका दवाखान्यात नर्स. सुटीला घरी आली की बाबांच्या मागे चालत चालत त्यांच्याशी वाद घालणारी जगातली एकमेव व्यक्ती. एका सुटीत ती अंगणात मोबाइल घेऊन आली. साहेब तुळशीभोवती फिरत होते, मी पायरीवर, काकू चहा गाळत होत्या.

"बाबा, तुमचा एक्साइज खोटं बोलून राहिला."

साहेब चालत राहिले. "कोण म्हणते?"

"मोठमोठ्या डिक्शनऱ्या म्हणते. ज्यायची पानं गेली नाहीत अशा." ती वाचायला लागली. इंग्रजीत हा शब्द डच लोकांकडून आला. डचांकडे जुन्या फ्रेंचमधून. त्याच्या मागे लॅटिन, पण कापण्याचं लॅटिन नव्हे. 'ॲक्सेन्सारे', म्हणजे कर बसवणे, आणि त्याच्या पोटात 'सेन्सस', जनगणनेतला सेन्सस. मोजणी. मोजणीत धरणे. "शंभर टक्के कोणीच सांगत नाही, पण बहुतेकांचं मत हेच. मधेच कोणाले तरी वाटलं, हा कापणाऱ्या घराण्यातला असंल, आन त्याच्या नावाचं डोकं बदलून टाकलं."

"म्हणजे दत्तक गेला?"

"गेला नाही बाबा. मोठं घर पाहून सोताच जाऊन बसला."

काकूंच्या हातातली गाळणी कपावर थांबली. 'दत्तक' हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि का, ते संध्याकाळी काकूंनीच सांगितलं. देवरीला पोस्टिंग असताना त्यांच्या ओळखीची एक बीडी वळणारी बाई तापाने गेली. नवरा कामाला म्हणून छत्तीसगडला गेला होता, तो परतलाच नाही. काही महिन्यांची पोर काकूंनी दोन दिवसांसाठी म्हणून उचलून आणली. ते दोन दिवस अजून संपले नव्हते. कायद्याचं सगळं रीतसर झालं होतं, मैनालाही कळत्या वयापासून माहीत होतं. फक्त नातेवाइकांत आणि गावात कोणी विचारलं नव्हतं आणि काकूंनी सांगितलं नव्हतं.

साहेबांचं मात्र वेगळंच बिघडलं. तीसेक वर्षं आपण लोकांना शब्दाचा खोटा बाप सांगत आलो! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्कूटर काढली आणि ज्याला ज्याला सरोता वाजवून दाखवला होता, त्याला त्याला गाठून शब्द परत घ्यायला सुरुवात केली. मागच्या सीटवर मी, कारण त्या दिवसांत मिल बंद होती आणि असा प्रयोग कोण सोडेल? रेल्वे स्टेशनसमोरचा पानवाला, निवृत्त हेडमास्तर, दोन मुनीम, बीडी वळणाऱ्या बाया, त्यातल्या काही तर आता नातवंडं सांभाळत होत्या. साहेब दारातून आत न जाताच सांगायचे, "एक्साइज कापाचा नाही. मोजाचा हाय. चूक माझी. येतो."

पानवाला म्हणाला, "साहब, क्या फर्क पडता है?"

"तुझ्या पोराच्या शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्याच्या बापाचं नाव लिहिलं, तं फरक पडंल का नाही?"

पानवाल्याने विचार केला. "पडेगा."

"मंग!" स्कूटर चालू.

असं करत सगळं गोंदिया दुरुस्त झालं. राहिला एकटा आमगावकडचा तो ठेकेदार. त्याचा पत्ता कोणाला नव्हता. साहेबांना त्याची रुखरुख लागली होती, चालता चालता मधेच म्हणत, "त्याले कोण सांगंल?"

आणि त्याच सुमारास मैनाची सोयरीक निघाली. मुलगा तिच्याच दवाखान्यात, लॅबमध्ये. दोघांनी आपसात ठरवलेलं. मुलाला मैनाचं सगळं माहीत, त्याने आईवडिलांनाही सांगितलेलं. अडत होतं ते फक्त आजोबांशी. गाव आमगावच्या पुढे, घर मोठं, आणि घरात शेवटचा शब्द आजोबांचा. गावात सगळे त्यांना बापूजी म्हणत, आणि कुरीच्या बाबतीत बापूजी फार कडक, असं मुलानेच कळवलं होतं.

मुलाच्या गावी निघताना काकूंनी साहेबांच्या हातावर एक अख्खी सुपारी ठेवली.

"ही तोंडात धरा. चावाची नाही, थुकाची नाही. घरी येईपर्यंत."

"काऊन?"

"तुमी बोलले तं सारंच बोलता म्हणून. पोरीचं जमून राहिलं. बुढ्याले मागून सांगू, नातू झाल्यावर." मग माझ्याकडे वळून, "बोलाचं काम तुमी करा. नाटकात करता न?"

म्हणून मी गेलो. साहेबांनी सुपारी गालात धरली. गाल असा फुगला की सगळ्यांना वाटलं, दाढ दुखते.

बापूजी अंगणात खाटेवर बसले होते. पांढऱ्या मिशा, गुडघ्याशी काठी, शेजारी पानदान. मुलाचे आईवडील उभे, मुलगा दाराशी, मैना काकूंजवळ. चहा आला, चिवड्याची परात आली. साहेब अंगणाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

"बसा न जी, पाव्हणे," बापूजी म्हणाले.

"त्यांना डॉक्टरने चालायला सांगितलं आहे," मी म्हटलं. माझा पहिला संवाद. बरा गेला.

"कोणत्या खात्यात होते साहेब?"

"एक्साइजमध्ये."

झालं. म्हाताऱ्याचा चेहरा मशाल पेटावी तसा उजळला. "एक्साइज! त्याचा मतलब माहीत हाय का तुमाले? कोणाले माहीत नसते!" त्यांनी पानदानातून सरोता काढला, सुपारी धरली, मान मागे टाकली, आणि मी मनात म्हटलं, मेलो. "लॅटिन घराणं! मूळ पुरुष एक्सिडेरे! कच्च! कापून काढणे!"

साहेब अंगणाच्या मधोमध आले होते. त्यांनी खिशातला पितळी सरोता वरूनच चाचपला. मग वेग दुप्पट.

"मी बीडीचा ठेका करत होतो तवा एका इन्स्पेक्टरनं सांगतलं होतं," बापूजी सांगत होते. "काळ्याभोर मिशाचा, तरणा. असा विद्वान माणूस मंग पाह्यला नाही. त्याचा पेन अजून हाय माह्यापाशी. शब्दाले बी कुर असते म्हणे. मंग माणसाले नसावी का? आपल्याले तं बुवा अस्सल घराणं पाह्यजे. एक्साइजसारखं."

काकूंनी डोळे मिटले. साहेबांचा गाल हलला, पुन्हा हलला, आणि सुपारी बंदुकीच्या गोळीसारखी सुटून चिवड्याच्या परातीत पडली.

"अस्सल नाही बापूजी! एक्साइज अस्सल नाही! खोट्या घराण्यात जाऊन बसलेला हाय थो!" ते बोलत होते आणि चालत होते, चालत होते आणि बोलत होते. डच आले, फ्रेंच आले, सेन्सस आला. "मीच तो इन्स्पेक्टर. मीच खोटं सांगतलं. आन आता आणखी एक खोटं सांगाले आलो होतो, तोंडात सुपारी धरून. ही माझी पोरगी देवरीच्या बीडीवाल्या बाईची हाय. माय मेली, बाप गेला. तिची कुर आमाले माहीत नाही. आमी तिले आमच्या मोजणीत धरलं. येवढंच."

मैना बापूजींकडे बघत होती, मान खाली न घालता. दाराशी उभ्या मुलाने चौकट धरली होती.

बापूजी काठी टेकून उठले. चेहरा लाल. आम्ही वाट पाहिली ती मैनावर काहीतरी येण्याची.

"तीस साल!" ते गरजले. "तीस साल मी कापून राहिलो! सरपंचाले सांगतलं, पुढाऱ्यायले सांगतलं, नातवाच्या शाळेत भाषण देल्लं! आन तुमी आता म्हणता थो कापाचा नाही?"

आणि ते रागाने घरामागच्या बाडीत निघून गेले. साहेब त्यांच्या मागे. आम्ही सगळे खिडकीशी. बाडीत धानाच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, मोठा ढीग होता, त्याभोवती दोन म्हातारे फिरायला लागले. ढिगाआडून पुढे आले की दोनचार शब्द ऐकू यायचे, मागे गेले की बंद. असा विंगेतला प्रवेश मी जन्मात पाहिला नाही.

"...डच म्हणजे कोण पण?..."

"...हॉलंडचे..."

"...त्यायचा काय संबंध आपल्या बीडीसंगं?..."

पुढचा फेरा. "...पोरगी सांगाची तं पहिले सांगाची न जी..."

"...माह्या बायकोनं सुपारी..."

त्यानंतरचे काही फेरे नुसतेच. काकू पुटपुटल्या, "सुपारी नाही, मी सुईदोराच आणाले पाह्यजे होता."

बापूजी परतले ते धापा टाकत, साहेब ताजेतवाने. बापूजी खाटेवर बसले आणि मैनाला म्हणाले, "तुह्या मायसारख्या बाया माह्या अंगणात बीडी वळत होत्या. त्यायच्या हातावर हे घर उभं राह्यलं. तुले कुर विचारू तं कोणत्या तोंडानं विचारू? पोरगी पसंत हाय."

काकू रडायला लागल्या. बापूजींनी काठी आपटली.

"थांबा! पोरगी मंजूर, शब्द नामंजूर. माही साऱ्या इलाक्यात इज्जत त्या शब्दावर हाय. माह्यासमोर एक्साइज कापाचाच राहीन. लग्नात बी, लग्नाच्या मागून बी. कोणी दुरुस्त केला, तं मी मांडवातून उठून जाईन. बोला साहेब."

आणि साहेबांचे पाय थांबले. मी त्यांच्या घरात राहिलो त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी बापूजींकडे पाहिलं, मैनाकडे पाहिलं. मग परातीपाशी वाकले, चिवड्यातून सुपारी शोधली, धोतराला पुसली आणि परत तोंडात ठेवली.

लग्न गोंदियाला व्हायचं होतं, आणि घोळ तिथेच होता. अख्खं गोंदिया तर साहेबांनी नुकतंच दुरुस्त करून ठेवलं होतं! पुन्हा स्कूटर निघाली, पुन्हा मागे मी. त्याच दारांवर, त्याच माणसांना, "लग्नात कोणी काही बोलाचं नाही. त्या दिवशी एक्साइज कापाचा हाय."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. बीडीवाल्या बाया हसून हसून लोळल्या. पानवाला कात लावता लावता म्हणाला, "साहब, एक बार फायनल कर लो न. कापना है का मोजना है?"

"मोजनाच है," साहेब म्हणाले. "पण उस दिन नहीं."

लग्नात बापूजींनी पंगतीच्या मधोमध सरोता वाजवला. शाळेत शिकवल्यासारखे मांडवातले सगळे जण "वा, वा" म्हणाले. इतकी चांगली साथ मला मंडईच्या नाटकातही कधी मिळाली नाही. साहेब गालात सुपारी धरून मांडवाभोवती फेऱ्या मारत होते. वऱ्हाडी म्हणत होते, बापाचा जीव, काळजी करून राहिला.

बिदाईची वेळ आली. गाड्या फाटकाशी लागल्या. कोणी मागे राहू नये म्हणून बापूजी काठीने आपली माणसं मोजायला लागले. एकेकाच्या खांद्याला काठी लावायची, आकडा म्हणायचा आणि गाडीत बसवायचं. सून झाली, नातू झाला, पाहुणे झाले. शेवटी मैना आली, रडून नाक लाल झालेली. म्हाताऱ्याने काठी बगलेत घातली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचा आकडा मोठ्याने म्हटला. मग म्हणाला, "झाले. आमचे सारे झाले."

मांडवाच्या खांबामागून 'थू' असा आवाज आला. सुपारी टप्पे खात माझ्या पायाशी.

"ॲक्सेन्सारे! मोजणीत धरणे!"

बापूजी गाडीच्या दारात एक पाय ठेवून वळले. "कोण बोललं?"

पहिला पानवाला खोकला. मग मी. मग हेडमास्तर, मुनीम, बीडीवाल्या बाया, वाढपी, सगळं गोंदिया एकदम खोकायला लागलं. त्या खोकल्यात साहेब आणखी दोनदा ओरडले असतील, देवाला माहीत.

बापूजींनी मिशीवरून हात फिरवला. मैनाकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं.

"चला लवकर," ते आत बसत ड्रायव्हरला म्हणाले. "या शहराची हवा खराब हाय. राइस मिलचा भुसा."

गाडी हलली. मी चपला घालायला खाली वाकलो, तोवर साहेब तिच्या मागे फाटकाबाहेर गेलेले होते.